वाळीत टाकलं कोणी?

संशोधन करणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी साठत जातात. 'नंतर वाचू' म्हणून उतरवून ठेवलेल्या पीडीएफ आणि किस्से. पीडीएफ एका क्लिकमध्ये उडवता येतात. किस्से जात नाहीत! शिवाय प्रबंधात त्यांना जागा नसते, तिथं 'निरीक्षणं' लागतात. मग ते चहाच्या टपरीवर सांडतात. आमच्या संस्थेच्या फाटकाबाहेरच्या बाकावर बसून मी हे सगळं इतक्यांदा वैतागून सांगितलंय, की टपरीवालाच परवा म्हणाला, "मॅडम, लिहून टाका एकदाचं. तुमचं ऐकताना माझं दूध उतू जातं."

तर लिहिते.

*

सुरुवात विषयापासूनच करायला हवी, कारण वैतागाची सुरुवातही तिथूनच झाली.

माझा विषय 'सामूहिक स्मृती आणि संक्रमणकालीन न्याय'. हे एका दमात म्हटलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या आईकडे. आई बिचारी सांगते, "हिस्ट्रीसारखंच असतं."

आमच्या धायरीच्या घरी आत्या आली होती. तिनं मात्र चिकाटी सोडली नाही. "तसं नको. नीट सांग. सकाळी उठून तू करतेस काय?"

मी म्हटलं, "एखाद्या गावात मोठा अन्याय होऊन जातो. नंतर काळ बदलतो, पण माणसं तिथंच राहतात. ज्यांनी अन्याय केला तीही आणि ज्यांच्यावर झाला तीही. मग कोणाला काय आठवतं, कोण काय विसरतं, आणि झालेल्या गोष्टीची भरपाई कशी व्हावी, याचा अभ्यास."

आत्यानं डोळे बारीक केले. "म्हणजे जुनी भांडणं उकरून काढायची."

"तसंच नाही गं..."

"आणि त्यासाठी तू शहराच्या पार त्या टोकाला जातेस?"

"हो."

"कशाला पेट्रोल जाळतेस? वहिनीसमोर बस आणि नुसतं विचार, 'आत्याच्या लग्नात काय झालं होतं?' चार प्रबंध होतील!"

स्वयंपाकघरात आईच्या हातून पातेलं पडलं. पडलं की आपटलं, यावर अजून संशोधन झालेलं नाही.

*

याच आत्यानं मग एक स्थळ आणलं. मुलगा हिंजवडीत, आयटीत. बाणेरच्या एका कॅफेत भेटलो. दहा मिनिटांत विषय माझ्या विषयावर आला. मी मनाची तयारी करून म्हटलं, "ट्रान्झिशनल जस्टिस."

त्याचा चेहरा उजळला. "ओह, ट्रान्झिशन! आमच्याकडे पण असतं. मी ट्रान्झिशन लीडच आहे."

"नाही, हे थोडं वेगळं..."

"जुनी टीम जाते, नवीन टीम येते. जुन्या टीमनं काय घाण करून ठेवलीय, ते डॉक्युमेंटमध्ये कधीच नसतं. त्यांना फोन केला तर म्हणतात, आम्हाला आठवत नाही. आणि शिव्या कोण खातं? नवीन टीम! सेम ना?"

मी कॉफी तशीच ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. चार वर्षं मी जे वाचत होते, ते या माणसानं ब्राउनी खाता खाता सांगून टाकलं होतं.

घरी येऊन मी नकार कळवला. व्याख्या मात्र ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी माझ्या गाइडना, लिमये सरांना ती ऐकवली. त्यांनी ती फळ्यावर लिहिली, दोन पावलं मागे जाऊन वाचली आणि म्हणाले, "अहो मुक्ताबाई, असं करू या. या मुलाला आपण पीएचडीला घेऊ. तुम्ही आयटीत जा."

*

आता आमच्या कंपूची ओळख करून देते. कंपू म्हणजे तीन माणसं. एक लिमये सर. निवृत्त झालेत, पण ते त्यांना कोणी लेखी कळवलं नसावं अशा थाटात रोज साडेदहाला हजर असतात. दुसरी मी. तिसरा संकेत, यवतमाळहून आलेला. फील्डवर माझ्यासोबत रेकॉर्डर घेऊन हिंडतो आणि पुण्याच्या मिसळीला नावं ठेवतो.

आणि आमचं गाव. नगर रस्त्याला लागून आहे, आता शहरात आलंय. नाव सांगत नाही, प्रबंधातही ते नुसतं 'गाव क' आहे. चाळीसेक वर्षांपूर्वी या गावानं एका घराला वाळीत टाकलं होतं. घर ताराबाईंचं. जमिनीच्या एका भांडणात त्यांच्या नवऱ्यानं कोर्टात उभं राहून जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगितलं, आणि ते गावातल्या वजनदार घराच्या विरुद्ध गेलं. झालं! तीन वर्षं त्यांच्याशी बोलणं बंद, विहिरीचं पाणी बंद, वाणसामान बंद, न्हावी बंद. सासरे वारले तेव्हा खांदा द्यायला ताराबाईंच्या माहेरची माणसं यावी लागली.

पुढे ते वजनदार घर जमीन विकून निघून गेलं. बंदी कोणी उठवली नाही, ती विरत गेली. ताराबाईंचे यजमान आता नाहीत. ताराबाई आहेत. त्यांच्या जागेवर बिल्डिंग झाली, तिच्या पहिल्या मजल्यावर त्या मुला-सुनेबरोबर राहतात. आणि वाळीत टाकणारं गावही तिथंच, आजूबाजूला, फ्लॅटमधून आणि गाळ्यांमधून राहतंय.

आम्ही एकेका म्हाताऱ्या माणसाला भेटायला लागलो. पहिले आजोबा म्हणाले, "लई वाईट झालं. पर आमच्या घरनं गुपचूप पानी जात हुतं बरं का. अंधार पडला की मागच्या दारानं."

आम्हाला भरून आलं. मी वहीत लिहिलं, 'प्रतिकाराच्या छुप्या जागा'.

दुसऱ्या आजी म्हणाल्या, "गावाचं जाऊ द्या, आमची सासू अंधारात घागर नेऊन ठिवायची." तिसरे म्हणाले, "पानी आमचंच जायाचं." चौथे, पाचवे, सहावे... सगळ्यांच्या घरून अंधार पडल्यावर मागच्या दारानं पाणी! वाण्याचा मुलगा म्हणाला की गूळ आणि साखरही जात होती.

परतीच्या वाटेवर खराडीच्या सिग्नलला आम्ही अडकलो होतो. मागच्या सीटवर संकेतनं हेल्मेटची काच वर केली. मग म्हणाला, "मुक्ता, एक सांग. एवढे सारे लोकं लपूनछपून पाणी देऊन राहिले होते, तं त्या बोळीत ट्रॅफिक जाम नाही झाला का बाप्पा?"

पुढच्या भेटीत मी ताराबाईंना जपून विचारलं, "आजी, त्या काळात कोणी लपून पाणी वगैरे देत होतं का?"

त्यांनी क्षणभर आठवल्यासारखं केलं. "किती जण म्हणत्यात?"

"बरेच."

"अगं बाई, येवढं पानी मिळालं असतं तर म्या परसात ऊस लावला असता!"

*

ताराबाईंबरोबरच्या पहिल्या भेटीचा किस्सा मध्येच राहिला.

आमच्याकडे एथिक्स कमिटी आहे. मुलाखत घेण्याआधी समोरच्याला संमतीपत्र वाचून दाखवायचं, हा नियम. पत्र दोन पानी आहे आणि ते ऐकून कोणाचीही बोलायची इच्छा मरेल. मी ताराबाईंच्या हॉलमध्ये सोफ्यावर बसून वाचत होते. सून नोकरीवर गेली होती. ताराबाई लसूण सोलत होत्या.

"सदर मुलाखतीत आपणांस मानसिक त्रास झाल्यास..."

"हं."

"आपण कोणतेही कारण न देता, कोणत्याही क्षणी, माघार घेऊ शकता."

लसूण सोलायचा थांबला. "परत वाच."

मी परत वाचलं.

"सही कुठं करायची?"

"आजी, आधी पूर्ण ऐका तर. म्हणजे तुम्हाला नको वाटलं तर तुम्ही माघार..."

"समजलं गं. आमच्या मालकांना हेच सांगाया आलं हुतं सारं गाव. माघार घे, मिटवून टाक, पोरंबाळं हायेत. आधी सांगून बघितलं, मग बोलनंच बंद केलं." त्यांनी लसणाच्या हातानंच पेन घेतलं. "त्यांनी घेतली न्हाई. आता मी घेऊ व्हय?"

ते संमतीपत्र आमच्या कपाटात आहे. अजून वास येतो.

*

लिमये सरांना मराठी चुकीचं खपत नाही, आणि अवघड तर त्याहून खपत नाही. माझं तिसरं प्रकरण त्यांच्याकडे आठवडाभर पडून होतं. एका दुपारी त्यांनी बोलावलं.

"बसा. हे आपण लिहिलंय?"

"हो सर."

"वाचतो. 'प्रस्तुत ग्रामात सदर कुटुंबावर बहिष्कार टाकला गेला. विहिरीचा वापर नाकारला गेला. संवाद थांबवला गेला.'" त्यांनी चष्मा काढला. "अहो, या अख्ख्या परिच्छेदात कर्ता कुठे आहे?"

"सर, कर्ता नाहीये."

"मग हे सगळं केलं कोणी?"

"सर, मी दोन वर्षं तेच विचारतेय!" माझा आवाज नको तेवढा चढला. "सगळे असंच बोलतात. 'टाकलं गेलं.' 'झालं.' 'तसं ठरलं.' कोणी ठरवलं, तर 'ठरलं.' एक माणूस म्हणत नाही, की मी टाकलं. मी कर्ता आणू कुठून?"

सरांनी चष्मा पुसून परत लावला. मला वाटलं, आता काहीतरी मोठं वाक्य येणार. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले.

"तोपर्यंत 'सदर' आणि 'प्रस्तुत' तरी काढा. ते तुमच्या हातात आहे."

*

मुलाखती ऐकून उतरवून काढणं म्हणजे शिक्षा. म्हणून संकेतनं एक ॲप शोधलं. ऑडिओ टाकला की मराठी मजकूर बाहेर, आणि वर इंग्रजी भाषांतरसुद्धा! आम्ही खूष झालो. चहा पिऊन येईपर्यंत सगळ्या मुलाखती तयार होत्या. वेळ वाचला या आनंदात आम्ही त्या न तपासता परदेशातल्या एका प्राध्यापिकाबाईंना पाठवल्या. त्या आमच्या प्रोजेक्टच्या सल्लागार आहेत.

पुढच्या आठवड्यात व्हिडिओ कॉल. बाई अतिशय भारावल्या होत्या. त्यांचं म्हणणं असं, की अन्यायाच्या इतिहासात सणाचं हे स्थान आपण कुठेच पाहिलेलं नाही, आणि यावर वेगळा पेपर व्हायलाच हवा.

सण? मी म्यूट करून लॅपटॉपवर मजकूर उघडला. ॲपला 'वाळीत' हा शब्द माहीत नव्हता. त्यानं सगळीकडे आपल्या बुद्धीनं दुरुस्ती केली होती. 'गावानं आम्हाला दिवाळीत टाकलं.' 'तीन वर्षं आम्ही दिवाळीत होतो.' 'दिवाळीत असताना सासरे गेले.'

मी घामाघूम. संकेत टेबलाखाली काहीतरी शोधायला गेला तो वर येईना. तेवढ्यात बाईंनी थेट लिमये सरांना विचारलं, की या दीर्घ दिवाळीचं त्या कुटुंबाच्या दृष्टीनं स्वरूप नेमकं काय होतं?

सरांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"नो चकली, मॅडम," ते म्हणाले. "थ्री इयर्स."

*

एकेकाला विचारून कोणी बोलत नाही, तर सगळ्यांना एकत्र बसवू, असा सल्ला मला एका कॉन्फरन्समध्ये मिळाला होता. त्याला 'समूहचर्चा' म्हणतात. देणाऱ्याचं भलं होवो.

मारुतीच्या देवळाशेजारी सभामंडपात दहा-बारा ज्येष्ठ मंडळी जमली. मी प्रस्तावना केली आणि मुद्दाम मोकळा प्रश्न टाकला, "तुमच्या मते या गावात झालेला सगळ्यात मोठा अन्याय कोणता?"

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मी मनात म्हटलं, आता येतंय.

"नळ," एक आजोबा म्हणाले.

"काय?"

"नळ, ताई. लिवून घ्या. टॅक्स भरून घेत्यात, पर पाइपलाइन न्हाई."

मग कोंडी फुटली! इतका वेळ घुम्यासारखी बसलेली माणसं एकमेकांना अडवून बोलायला लागली. टँकर कधी येतो, कोणाच्या सोसायटीत आधी जातो, टँकरवाला कोणाचा मेहुणा आहे. मी तीनदा गाडी मूळ विषयाकडे वळवली. तीनदा ती टँकरमागे गेली. "ताई, तुम्ही महापालिकेत नक्की कोणत्या खात्यात?" असंही एकानं विचारलं.

शेवटी पहिल्या ओळीतले टोपीवाले आजोबा उठले. हेच ते, ज्यांच्या घरून सर्वांत आधी मागच्या दारानं पाणी जात होतं. ते हात वर करून, अगदी कळवळून म्हणाले, "ताई, काय सांगू तुमाला! पानी न्हाई, रस्ता न्हाई, कुनी इचारत न्हाई. अहो, आख्ख्या गावाला वाळीत टाकल्यावानी केलंय बघा!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. "खरं हाय, खरं हाय."

एकाचीही मान मध्येच थांबली नाही.

संकेतनं रेकॉर्डर बंद केला. मला वाटलं, बॅटरी संपली. नव्हती संपली. त्याचे खांदे हलत होते.

*

पुढचा किस्सा खरं तर मी सांगायची गरज नाही, तो फोटोसकट फिरलेलाच आहे. तरी सांगते.

गावात अमोल नावाचे एक युवा नेते आहेत. निवडणूक कधीही लागेल या आशेवर त्यांनी दाढी वाढवून ठेवलीय. संकेतनं एकदा चहा पिता पिता त्यांना समजावून सांगितलं, की जगात काही ठिकाणी अशा जुन्या अन्यायाबद्दल अख्ख्या समाजानं जाहीर माफी मागितलेली आहे. अमोलभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. "मग आपण मागू की! त्यात काय!"

आठ दिवसांनी गावाच्या कमानीवर फ्लेक्स. मधोमध हात जोडून अमोलभाऊ. वर नेत्यांची रांग. खाली पंचवीस मुलांचे गॉगलमधले फोटो, त्याखाली 'शुभेच्छुक'. शीर्षक 'भव्य जाहीर माफी सोहळा'. आणि डाव्या कोपऱ्यात ताराबाई. फोटो आधार कार्डाच्या झेरॉक्सवरून घेतलेला, म्हणजे काळा-पांढरा. फ्लेक्सवाल्या पोरानं त्याच्याभोवती हौसेनं झेंडूच्या फुलांची महिरप काढली होती.

व्हायचं तेच झालं. रस्त्यानं जाणाऱ्यांनी वरचं वाचलंच नाही, कोपऱ्यातला फोटो तेवढा बघितला. संध्याकाळपासून ताराबाईंच्या दारात माणसं यायला लागली. पांढऱ्या साड्या, पडलेले चेहरे. त्यांच्या घराची पायरी चाळीस वर्षांत न चढलेली माणसंसुद्धा जिना चढून आली! बेल वाजायची, आणि दार उघडायच्या स्वतः ताराबाई.

एक बाई तर त्यांना बघूनही भानावर आली नाही. "फार चांगल्या होत्या हो," असं ताराबाईंनाच सांगून रडली. ताराबाईंनी तिला पाणी दिलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "व्हत्या खऱ्या."

मी दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा अमोलभाऊ तिथंच गयावया करत होते. "आजी, चूक झाली. पण कार्यक्रमाला या. मंडप घातलाय. तुम्ही नसाल तर माफी मागायची कोणाची?"

ताराबाई म्हणाल्या, "अरे लेकरा, माझ्याच तेराव्याला म्या कशी येऊ?"

*

आणि आता हा शेवटचा.

ताराबाईंच्या गॅलरीत उभं राहिलं की समोर एक पिठाची गिरणी दिसते. नामदेवतात्यांची. आधी त्यांचे वडील चालवायचे. तात्या आता साठीच्या पुढचे, अबोल, अंगावर कायम पिठाचा थर. मी त्यांच्याकडे दोनदा जाऊन आले होते. दोन्ही वेळा त्यांनी गिरणी चालू केली होती. त्या आवाजात मुलाखत कसली होणार!

तिसऱ्या वेळी त्यांनीच मला हाक मारली. दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं. पट्टा बंद होता.

"ते मशीन लावू नका," ते म्हणाले. मी रेकॉर्डर पिशवीत टाकला.

"तुम्ही सगळ्यांस्नी इचारत फिरताय, कुनी काय केलं. मी सांगतो. ती डोक्यावर ज्वारीचा डबा घिऊन आली हुती. वडील आत हुते. बाहेर मी. एकवीस-बावीसचा असंन. ती बोलली न्हाई, नुसता डबा ठिवला. मी उचलला आन् बाहेर रस्त्यावर नेऊन ठिवला." त्यांनी ओट्यावर हात टेकला. "गावानं सांगितलं हुतं, ते खरंच हाय. पर डबा मी उचलला. ह्या हातानं."

दोन वर्षं मी ज्या वाक्याच्या मागे धावत होते, ते वाक्य कोणीतरी म्हटलं होतं.  आणि मी मूर्खासारखं म्हटलं, "मग?"

"मग काय! तवापास्नं ती हितं आली न्हाई. दळण घिऊन पल्याडच्या गावाला जाती. आधी चालत जायची, आता रिक्षानं. आन् मी दर खेपेला हितनं तिला जाताना बघतो." त्यांनी हात झटकले, पीठ उडालं. "पुढल्या महिन्यात गिरणी बंद करतोय. पोरगं हितं मोबाइलचं दुकान काढतंय. त्याच्या आधी एकदा ती यील का? तुम्ही इचारा की तिला."

मी घाईघाईनं सांगितलं, "तात्या, मला तसं विचारता येत नाही. मी अभ्यास करतेय. दोन्ही बाजूंच्या मधे मी पडायचं नसतं. एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगायचं नसतं. नियम आहे."

तात्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. रागानं नाही, खरोखरच्या कुतूहलानं.

"मग तुमचा उपेग काय?"



त्यानंतर तात्यांनी जे केलं ते मी आणि संकेतनं समोरच्या रसवंतीत बसून पाहिलं. ते सकाळी ताराबाईंच्या बिल्डिंगखाली गेले. वर चढले नाहीत. खालूनच, मान वर करून ओरडले, "वहिनी!"

ताराबाई गॅलरीत आल्या.

"दळण हाय का काई?"

अख्खी आळी थबकली. इस्त्रीवाल्याची इस्त्री हवेत राहिली. ताराबाईंनी खाली बघितलं, बघत राहिल्या, मग आत गेल्या आणि गॅलरीचं दार लावून घेतलं. तात्या थोडा वेळ तिथंच उभे होते. मग परत गिरणीत आले आणि विनाकारण झाडू मारायला लागले.

"गेलं," संकेत म्हणाला.  

आठवडा गेला. गिरणीच्या दारावर मोबाइलच्या दुकानाचा फलक येऊन टेकून ठेवलेला होता. आम्ही तात्यांचा निरोप घ्यायला गेलो होतो, बाहेर बाकावर बसलो होतो. आणि जिना उतरून ताराबाई आल्या. कडेवर स्टीलचा डबा. सून मागून "अहो आई, मी धरते," म्हणत होती, तिला हातानंच थांबवलं. रस्ता ओलांडला. गिरणीच्या ओट्यावर डबा ठेवला. बोलल्या नाहीत.

तात्यांचा मुलगा उठला. तात्यांनी त्याला मागे सारलं. स्वतः डबा उचलला, आत नेला, ज्वारी वर ओतली, पट्टा चालू केला. दळण पडेपर्यंत ताराबाई ओट्याशी उभ्या. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. पीठ डब्यात भरून तात्यांनी झाकण लावलं आणि दोन्ही हातांनी पुढे केला. ताराबाईंनी घेतला आणि आल्या तशा गेल्या.

तात्या स्टुलावर बसले. पिठानं भरलेला हात त्यांनी डोळ्यांवर फिरवला, चेहरा आणखीच पांढरा झाला.

माझ्या डोक्यात लगेच प्रकरणाचं नाव तयार! 'समेट'. संस्थेत येऊन मी लिमये सरांना सगळं सांगितलं. लिमये सर, ज्यांना आजवर माझं एक वाक्य आवडलेलं नाही, ते म्हणाले, "उद्या मीही येतो. मला त्या गृहस्थांना भेटायचंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गिरणीत होतो. सर तात्यांशी हवापाण्याचं बोलत होते. मी सरांना खुणेनं दाखवत होते, इथं त्या उभ्या होत्या, इथं डबा ठेवला होता. तेवढ्यात दारात सावली पडली.

ताराबाई. कडेवर तोच डबा.

सर अदबीनं उठून उभे राहिले. तात्याही उठले. ताराबाईंनी आमच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. डबा ओट्यावर आदळला, झाकण काढलं, चिमूटभर पीठ बोटांत घेऊन तात्यांच्या नाकासमोर धरलं.

"नाम्या, जाड झालंय. परत दळ!"